बंद पडलेला फ्रिज बदलताना: नव्याची खरेदी आणि जुन्याची रीतसर विल्हेवाट

घरातला फ्रिज बंद पडला की सगळ्यांचे लक्ष लगेच नव्या फ्रिजकडे लागते. किती लिटरचा घ्यायचा, कोणत्या कंपनीचा घ्यायचा, कधी येईल, याचीच चर्चा सुरू होते. जुन्या फ्रिजचा विचार होतो तो नवा दारात उभा राहिल्यावर, आणि तेव्हा जो पहिला माणूस 'मी घेऊन जातो' म्हणेल त्याच्या हवाली तो केला जातो. या प्रक्रियेतून गेलेल्या माणसाचा सल्ला म्हणून हे आधीच सांगतो: जुन्या फ्रिजचे काय करायचे हे नव्या फ्रिजचे पैसे भरण्यापूर्वी ठरवा. पैसे भरेपर्यंत विक्रेता तुमचे प्रत्येक म्हणणे ऐकून घेतो. पैसे भरल्यानंतर जुने धूड ही फक्त तुमची अडचण उरते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फ्रिज हे साधे भंगार नाही. त्याच्या नळ्यांमध्ये दाबाखाली वायू असतो, तो वायू दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असते आणि भिंतींमधल्या फोममध्येही बऱ्याचदा हानिकारक वायू अडकलेला असतो. हे सगळे नीट बाहेर काढण्याचे काम विशिष्ट यंत्रसामग्री असलेल्या ठिकाणीच होऊ शकते. म्हणून पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या.

१. फ्रिज खरोखर गेला आहे का, याची खात्री करा

सर्वांत आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहा. सॉकेट किंवा प्लग खराब असल्यामुळे फ्रिज 'मेला' असे समजले जाण्याचे प्रसंग वाटतात त्याहून जास्त असतात. वीज येत असेल, आतला दिवा लागत असेल आणि तरीही थंडावा नसेल, तर कॉम्प्रेसरपाशी कान देऊन ऐका. दर काही मिनिटांनी 'टक्' असा आवाज येऊन पुन्हा शांतता होत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होण्याचा प्रयत्न करतो आहे पण सुरू होत नाही, असा त्याचा अर्थ असतो. अशा वेळी दोष कॉम्प्रेसर सुरू करून देणाऱ्या रिलेमध्ये किंवा कपॅसिटरमध्ये असण्याची शक्यता असते आणि हे दोन्ही भाग कॉम्प्रेसरच्या मानाने किरकोळ असतात.

फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये फ्रीझर गार आणि खालचा कप्पा मात्र कोमट, अशी तक्रार फार आढळते. फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असलेल्या थंड नळ्यांवर बर्फाचा जाड थर साचतो आणि पंख्याने ढकललेली गार हवा खाली पोहोचतच नाही. फ्रिज बंद करून दारे पूर्ण उघडी ठेवा आणि एक संपूर्ण दिवस तसाच राहू द्या. त्यानंतर तो काही दिवस व्यवस्थित चालून पुन्हा तसाच वागू लागला, तर बर्फ वितळवणारा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बिघडला आहे असे धरून चाला. हे भाग बदलता येतात. खाली पाणी साचत असेल तर पाण्याचे छिद्र तुंबले असेल. दाराचे रबर सैल आहे का, हे पाहण्यासाठी कागदाचा कपटा दारात धरून दार लावा आणि कपटा ओढा. तो सहज निघाला, तर तिथून गार हवा बाहेर जाते आहे. मागच्या किंवा खालच्या काळ्या जाळीवर धुळीचा थर असेल, तर तो मऊ ब्रशने काढून एक दिवस वाट पाहा.

आता सर्वांत मोठ्या सापळ्याबद्दल. 'गॅस संपला आहे, भरून देतो' हे वाक्य ऐकले की सावध व्हा. फ्रिजमधला वायू बंद नळ्यांमध्ये फिरत असतो. तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता, ती न बुजवता आणि नळ्यांमधली हवा व ओलावा व्हॅक्युम पंपाने न काढता नुसता वायू भरला, तर तोही थोड्याच काळात निघून जातो. गळती फोमच्या आतल्या नळीत असेल तर तिथपर्यंत पोहोचणेच अवघड असते. अशा वेळी, किंवा फ्रिज दहा वर्षांहून जुना असून कॉम्प्रेसरच जळाला असेल, तर दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र हा निर्णय घेण्यापूर्वी जुने बिल शोधा. अनेक उत्पादक संपूर्ण यंत्रासाठी वेगळी आणि कॉम्प्रेसरसाठी त्याहून बरीच लांब वॉरंटी देतात. ही मुदत शिल्लक असल्याचे लोकांच्या लक्षातच नसते. मेकॅनिकने तपासणी केली, तर बिघाड कोणत्या भागात आहे हे त्याच्याकडून लिहून घ्या. वॉरंटीसाठी, दुसरे मत घेण्यासाठी आणि पुढे पुनर्चक्रण केंद्राला सांगण्यासाठी तोच कागद कामी येतो.

२. पाठीवरची पाटी वाचा आणि तिचा फोटो घ्या

प्रत्येक फ्रिजवर मागे, कॉम्प्रेसरजवळ किंवा आतल्या बाजूच्या भिंतीवर एक लहान पाटी असते. तिच्यावर मॉडेल, सिरियल क्रमांक, आत कोणता वायू आहे त्याचा संकेतांक आणि तो किती ग्रॅम आहे, हे छापलेले असते. फ्रिज भिंतीला चिकटून असेल तर मोबाइल मागे धरून फोटो काढा, म्हणजे वाकावे लागत नाही.

संकेतांक आर-१२ असेल, तर तुमच्याकडे बराच जुना फ्रिज आहे. हा वायू क्लोरोफ्लुरोकार्बन गटातला आहे. या गटातील रसायने वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन नष्ट करतात, अशी मांडणी १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी केली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थरात मोठी घट झाल्याचे निरीक्षण प्रसिद्ध झाले आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. त्यानंतर या वायूंचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले. हाच वायू उष्णता धरून ठेवण्यातही कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे दहा हजार पट प्रभावी आहे. जुन्या घरगुती फ्रिजमध्ये तो शंभर ते दीडशे ग्रॅम असू शकतो. म्हणजे दीडशे ग्रॅम वायू मोकळा सोडला तर त्याचा परिणाम जवळजवळ दीड टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. एका नळीवर पक्कड दाबली की हे घडते, आणि त्याचा आवाज फक्त 'फुस्स' एवढाच येतो.

आर-१३४ए हा त्यानंतरच्या पिढीचा वायू. तो ओझोनला धक्का लावत नाही, परंतु उष्णता धरण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट आहे. या गटातील वायूंचा वापर कमी करण्यासाठी २०१६ मध्ये किगाली येथे मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती करण्यात आली. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. नव्या घरगुती फ्रिजमध्ये हा वायू मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तो हवामानाच्या दृष्टीने सौम्य आहे, पण ज्वलनशील आहे. अशा फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ पिवळ्या त्रिकोणात ज्योतीचे चिन्ह असते. तो फोडणे, त्याच्या नळ्या कापणे किंवा त्याच्याजवळ वेल्डिंग करणे धोक्याचे आहे.

पाटीवर किंवा तिच्याजवळ चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले चिन्हही दिसेल. हे यंत्र रोजच्या कचऱ्यात टाकू नये, स्वतंत्रपणे गोळा करणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे, असा त्याचा अर्थ आहे.

३. जुना फ्रिज कुठे जाणार, हे ठरवा

येथे घाई करू नका, कारण संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे.

चांगल्या पुनर्चक्रण केंद्रात काय होते हे समजले, की इतर पर्याय कुठे कमी पडतात ते आपोआप लक्षात येते. पहिल्या टप्प्यात बंद नळ्यांना छिद्र पाडून वायू आणि तेल एकत्र शोषून घेतले जाते, नंतर ते वेगळे करतात आणि कॉम्प्रेसर काढून घेतात. दुसऱ्या टप्प्यात उरलेला सांगाडा हवाबंद यंत्रात भरडला जातो, कारण फोममध्ये अडकलेला वायूही पकडायचा असतो. क्लोरोफ्लुरोकार्बनच्या काळातील फ्रिजमध्ये नळ्यांपेक्षा फोममध्ये असलेला वायूच अधिक असतो, ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. त्यानंतर चुंबकाने लोखंड, विद्युतप्रवाहाच्या तंत्राने तांबे व ॲल्युमिनियम आणि घनतेनुसार प्लॅस्टिक वेगळे केले जाते.

रस्त्यावरचा भंगार घेणारा यातले काहीच करू शकत नाही. त्याला हवे असते कॉम्प्रेसरमधले तांबे आणि लोखंड. तो नळी कापतो, वायू हवेत जातो, तेल जमिनीवर सांडते, कॉम्प्रेसर निघून जातो आणि फोमने भरलेला सांगाडा कुठल्या तरी मोकळ्या जागेत पडून राहतो. तारांवरचे आवरण जाळून तांबे काढले, तर त्या धुरातून डायॉक्सिनसारखी घातक रसायने बाहेर पडतात आणि ती आधी त्या कामगाराच्याच फुप्फुसात जातात. त्याच्यावर दोष ठेवण्यात अर्थ नाही, कारण त्याचे पोट त्या तांब्यावर चालते. वस्तू योग्य ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी आपली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२२ या वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद आहे.

तुमच्यापुढे साधारणपणे पुढील मार्ग असतात. नवा फ्रिज देणारा विक्रेता जुना परत घेतो. उत्पादकाची स्वतःची परतीची योजना असते. नगरपालिका मोठ्या वस्तू ठरावीक दिवशी किंवा मागणीनुसार उचलते. किंवा परवानाधारक ई-कचरा केंद्राशी थेट संपर्क साधता येतो. उत्पादकाने आपल्या वस्तूची शेवटपर्यंत जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व अनेक देशांच्या कायद्यांत आलेले आहे, म्हणून उत्पादकाच्या ग्राहक सेवेला फोन करून 'जुन्या यंत्राच्या परतीची तुमची व्यवस्था काय आहे' असे थेट विचारा. अनेकदा अशी व्यवस्था असते, पण दुकानातला विक्रेता तिच्याबद्दल आपणहून बोलत नाही.

कोणताही मार्ग निवडलात तरी चार गोष्टी लेखी विचारून घ्या: फ्रिज नेमका कोणत्या केंद्राकडे जाणार, त्या केंद्राकडे परवाना आहे का, घरातून उचलून खाली नेण्याचे काम त्यात धरले आहे का, आणि स्वीकारल्याची पावती मिळेल का. 'आमची माणसे बघतील' हे उत्तर पुरेसे नाही. माणसे फक्त दारापर्यंत येतात आणि जिने उतरवण्याचे वेगळे पैसे मागतात, असा प्रसंग हमखास येतो.

एक्स्चेंजच्या सवलतीबद्दलही थोडे थांबून विचार करा. एक्स्चेंज न करता तोच फ्रिज किती किमतीला मिळतो, हे आधी विचारा. कधी कधी आकडा आधी वाढवून मग 'जुन्याची किंमत' म्हणून वजा केलेला असतो. शिवाय एक्स्चेंजमध्ये घेतलेले यंत्र पुनर्चक्रणाला जाईलच असे नाही. ते जुजबी दुरुस्त करून पुन्हा विकले जाऊ शकते.

फ्रिज चालू असेल आणि तुम्ही तो फक्त मोठा हवा म्हणून बदलत असाल, तर गरजू व्यक्तीला किंवा संस्थेला देणे उत्तम. पण वायर, प्लग, दाराचे रबर आणि गारवा तपासूनच द्या. धोकादायक किंवा दर महिन्याला विजेचे मोठे बिल आणणारे यंत्र कोणाला देणे म्हणजे आपला खर्च त्याच्या गळ्यात बांधणे आहे. आणि जुना फ्रिज 'असू दे जादाचा' म्हणून दुसऱ्या खोलीत चालू ठेवण्याचा मोह टाळा. जवळजवळ रिकामा असलेला जुना फ्रिजही चोवीस तास वीज खातच राहतो.

४. कागदपत्रे आणि साधने एकत्र ठेवा

कागदांमध्ये जुन्या फ्रिजचे बिल व वॉरंटी कार्ड (मिळाले तर), पाठीवरच्या पाटीचा फोटो, मेकॅनिकचा लेखी शेरा, नव्याचे बिल, परत नेण्याबाबतचा विक्रेत्याचा लेखी होकार आणि तुमचा ओळख व पत्त्याचा पुरावा, एवढे असू द्या. सोसायटीत किंवा भाड्याच्या घरात राहत असाल, तर लिफ्टचा वापर आणि सामान नेण्याची वेळ यांची परवानगी आधी घ्या.

साधनांमध्ये मोजपट्टी, पाणसळ, जुने टॉवेल, उथळ थाळ्या, रुंद चिकटपट्टी किंवा दोरी, हातमोजे आणि फ्रिजमध्ये ठेवता येईल असा थर्मामीटर लागतो. प्लगला लावायचा वीजमापक मिळाला तर जरूर आणा. जुना फ्रिज अजून चालत असेल, तर चोवीस तासांत तो किती युनिट घेतो हे त्यावर समजते आणि त्याला ३६५ ने गुणले की वर्षाचा आकडा हाती येतो.

५. जागा मोजा आणि वाटही मोजा

लोक फ्रिज ठेवण्याची जागा मोजतात आणि तिथे पोहोचण्याची वाट विसरतात. मुख्य दार, स्वयंपाकघराचे दार, जिन्याचे वळण, लिफ्टचे दार आणि तिची आतली खोली, या सगळ्यांची मापे लिहून घ्या. दाराची रुंदी मोजताना चौकट न मोजता दार उघडल्यावर प्रत्यक्षात मोकळी राहणारी जागा मोजा. नव्या फ्रिजचे माप खोक्यासह किती आहे हेही विचारा.

जागेच्या मापात दोन गोष्टी हमखास राहतात. पहिली म्हणजे हवा खेळण्यासाठी बाजूंना, मागे आणि वर सोडायची जागा. ती प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि ती सोडली नाही, तर कॉम्प्रेसर अकारण जास्त चालतो. दुसरी म्हणजे दार पूर्ण उघडण्यासाठी लागणारी जागा. दार नव्वद अंशांपर्यंतच उघडले, तर आतले खण बऱ्याचदा बाहेर येत नाहीत. काही मॉडेलमध्ये बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावता येतात. तुमच्या कोपऱ्याला ते आवश्यक असेल तर विकत घेण्यापूर्वी विचारा.

६. नवा फ्रिज निवडताना

आकार, रंग आणि दारावरच्या पडद्याबद्दल दुकानात भरपूर सांगितले जाते, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही. तीन गोष्टी मात्र स्वतः पाहा.

लेबलवरील वर्षाच्या युनिटचा आकडा पाहा. श्रेणी किंवा ताऱ्यांची संख्या एकाच आकारमानाच्या गटात तुलना करण्यासाठी असते, त्यामुळे मोठ्या फ्रिजला चांगली श्रेणी असली तरी तो लहानापेक्षा जास्त वीज घेऊ शकतो. बिल श्रेणीवर येत नाही, युनिटवर येते.

हवामान वर्ग पाहा. एसएन वर्गाचा फ्रिज भोवतालच्या १० ते ३२ अंश तापमानासाठी, एन १६ ते ३२, एसटी १६ ते ३८ आणि टी १६ ते ४३ अंशांसाठी बनवलेला असतो. हा वर्ग पाटीवर छापलेला असतो. तापलेल्या स्वयंपाकघरात एन वर्गाचा फ्रिज ठेवला, तर तो उन्हाळ्यात दमून जातो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

आणि वायू पाहा. आर-६००ए असेल तर उत्तम. फक्त खोली अगदीच कोंदट नसावी. दर ८ ग्रॅम वायूमागे खोलीचे घनफळ किमान १ घनमीटर असावे, असे पुस्तिकांमध्ये सांगितलेले असते. त्यामुळे ६० ग्रॅम वायू असलेल्या फ्रिजला साडेसात घनमीटर पुरतात आणि बहुतेक स्वयंपाकघरे त्याहून मोठी असतात.

७. आदल्या दिवशी जुना फ्रिज रिकामा करा

हे काम सकाळवर ढकलू नका. उचलणारी माणसे दारात उभी आहेत, फ्रीझरच्या भिंतीला बर्फ तसाच आहे आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पाणी सांडत यंत्र खाली चालले आहे, हे दृश्य अगदी सहज टाळता येते. ओल्या पायरीवर घसरणारा माणूस त्या वेळी ओझ्याखाली असतो.

फ्रिज बंद करा, प्लग काढा, दारे उघडी ठेवा आणि खाली टॉवेल अंथरा. फ्रीझरमध्ये गरम पाण्याचे भांडे ठेवले तर बर्फ लवकर सुटतो. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा कोणतीही टोकदार वस्तू बर्फाला लावू नका, कारण त्या बर्फाखालीच पातळ नळी असते. मागच्या बाजूला खाली पाणी साचणारी थाळीही रिकामी करा.

घरात इन्सुलिनसारखी औषधे असतील, तर त्यांची पर्यायी सोय हे या दिवसाचे पहिले काम समजा. ती २ ते ८ अंशांमध्ये राहावी लागतात आणि गोठली तर निकामी होतात, म्हणून त्यांना थेट बर्फावर ठेवू नका. शेजाऱ्यांचा फ्रिज हाच बहुधा सर्वांत चांगला उपाय असतो.

आतले कप्पे आणि खण जुन्या फ्रिजसोबतच जाऊ द्या, परंतु ते हलणार नाहीत असे चिकटपट्टीने बांधा. वाय-फायला जोडलेला फ्रिज असेल, तर ॲपमधून तो काढून टाका आणि यंत्र कारखान्यातल्या मूळ स्थितीवर आणा; नाहीतर तुमचे खाते आणि वाय-फायचा पासवर्ड त्याच्यासोबत घराबाहेर जातो.

आता मुलांच्या सुरक्षिततेबद्दल. फ्रिज घराबाहेर, गॅलरीत किंवा जिन्याखाली एक रात्र जरी राहणार असेल, तर त्याचे दार काढून टाका, निदान दोरीने असे घट्ट बांधा की ते लहान मुलाला उघडता येणार नाही, आणि दाराचा सांधा भिंतीकडे करून ठेवा. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळता खेळता अडकून मुले गुदमरल्याच्या घटनांमुळे अमेरिकेत १९५६ मध्ये, फ्रिजचे दार आतून उघडता आले पाहिजे, असा कायदा करावा लागला होता. चुंबकी रबराची दारे त्यानंतर रूढ झाली, तरीही हवाबंद कप्प्यात अडकण्याचा धोका पूर्णपणे संपलेला नाही. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि ते कोणत्याही कारणाने वगळू नये.

८. अदलाबदलीच्या दिवशी

शक्य असेल तर नवा येताच जुना त्याच गाडीतून जाईल, असेच ठरवा. 'जुना उद्या नेतो' यावर राजी होऊ नका; तो उद्या पुढे ढकलला जातो आणि वाटेत अडचण होते म्हणून शेवटी कोणाच्याही हाती दिला जातो.

नव्याचे खोके उघडून, चारही बाजू, दारे आणि मागच्या नळ्या पाहूनच पावतीवर सही करा. घाई केली जात असेल तर पावतीवर 'तपासणी न करता स्वीकारले' असे लिहा आणि खोक्यावर काही दबलेले दिसले तर त्याचा फोटो घ्या. मॉडेल आणि सिरियल क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहा.

जुना फ्रिज उभाच न्यायला सांगा. आडवा टाकून ओढला की नळ्या वाकतात, तुटतात, आणि मग पुनर्चक्रण केंद्रात पोहोचण्याआधीच वायू गेलेला असतो. 'कॉम्प्रेसर इथेच काढून घेतो, मग उचलायला हलका होतो' असे कोणी म्हणाले तर ठाम नकार द्या. नेणाऱ्याकडून तारीख, यंत्राचा सिरियल क्रमांक आणि संस्थेचे नाव असलेली पावती त्याच वेळी घ्या.

९. नवा सुरू करताना

फ्रिज वाहतुकीत आडवा झाला असेल, तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांमध्ये गेलेले असते. ते परत खाली येण्यासाठी पुस्तिकेत सांगितलेला वेळ त्याला उभा राहू द्या. हा वेळ काही तासांपासून पूर्ण दिवसापर्यंत असू शकतो. तो उभाच आला असला तरीही थोडा वेळ थांबणे चांगले. पाणसळ ठेवून पुढचे पाय फिरवा. पुढची बाजू किंचित उंच राहिली, तर दार आपोआप मिटते.

प्लग थेट भिंतीतल्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. एक्स्टेंशन बोर्डवर फ्रिज चालवू नका. रिकामा चालू करा, पुस्तिकेनुसार गार होऊ द्या आणि मगच सामान भरा. खालच्या कप्प्यासाठी ४ अंश आणि फ्रीझरसाठी उणे १८ अंश ही सर्वसाधारण योग्य पातळी आहे. बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमान दाखवत नाहीत, म्हणून थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. हवेचे तापमान दार उघडले की लगेच बदलते, पाण्याचे बदलत नाही.

पहिल्या काही दिवसांत फ्रिजच्या बाजू कोमट लागल्या, तर घाबरू नका. अनेक मॉडेलमध्ये उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात.

१०. यंत्र दुसरे असेल तर

क्रम हाच राहतो, काही खबरदाऱ्या वेगळ्या असतात. वॉशिंग मशीन देताना पाण्याचे नळ बंद करून खालच्या फिल्टरमधले साचलेले पाणी काढा. नव्या फ्रंट लोड मशीनच्या मागचे वाहतुकीचे बोल्ट सुरू करण्यापूर्वी काढायलाच हवेत, आणि ते जपून ठेवावेत, कारण घर बदलताना पुन्हा लागतात. मायक्रोवेव्ह स्वतः उघडू नका. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार शिल्लक राहू शकतो. एअर कंडिशनर नेहमी जाणकार तंत्रज्ञाकडूनच उतरवून घ्या आणि वायू हवेत न सोडता बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करायला सांगा. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रातली लिथियम बॅटरी काढता येत असेल तर ती वेगळी द्या, कारण भरडताना तीच पेट घेते.

११. सर्वांत शेवटी कागद पूर्ण करा

नव्या फ्रिजची वॉरंटी नोंदवताना सिरियल क्रमांक, खरेदीची तारीख आणि बिलाचा फोटो लागतो. ही नोंदणी त्याच आठवड्यात करा. थर्मल कागदावरचे बिल काही महिन्यांत पुसट होते, म्हणून त्याची प्रत काढा. जुना फ्रिज विक्रेत्यामार्फत गेला असेल, तर दोन-तीन आठवड्यांनी पावतीवरच्या क्रमांकाचा उल्लेख करून तो केंद्रात पोहोचला का, हे विचारा. विचारणारा ग्राहक आहे हे कळले, की पुढच्या वस्तूही योग्य ठिकाणी जाण्याची शक्यता वाढते. जुन्या फ्रिजसाठी दुरुस्तीचा वार्षिक करार किंवा वाढीव वॉरंटी घेतलेली असेल, तर तीही लेखी कळवून बंद करा आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतात का, हे त्याच पत्रात विचारा.